बिनतेलाची हजामत

नळाचं काम करणारा मिस्त्री घरात शिरला, की अर्ध्या तासाने स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहतो आणि फार अदबीने विचारतो, "वहिनी, थोडं गोडेतेल मिळेल का?" वहिनी आधी त्याच्या गुडघ्यांकडे बघतात. मग खुलासा होतो, की तेल गुडघ्याला नको, पाइपाला हवंय. आटे पाडायचे आहेत. हे कळल्यावर वहिनी तेलाच्या डब्याकडे न जाता कढईकडे वळतात. कालच्या पुऱ्या तळून उरलेलं तेल गाळायचं राहिलेलं असतं, ते वाटीत येतं. "कामालाच लागतंय ना, खायचंय थोडंच?" अशा रीतीने पाइप नामांकित कंपनीचा, नळ जाहिरातीतल्या नटीने पसंत केलेला, फरशा मोरबीहून मागवलेल्या आणि या सगळ्यांचं भवितव्य ठरवणारं तेल मात्र पुऱ्यांचं, असा जामानिमा जमतो.

तरी हे घर भाग्यवान म्हणायचं. पुष्कळ ठिकाणी तेवढंही नसतं. मिस्त्री कोरड्या पाइपावर कोरडा डाय चढवतो, दांड्याला लोंबकळतो आणि गल्लीतली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागतात. बिनपाण्याने हजामत कशी होते हे सरकारी कचेरीत एकदा तरी गेलेल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पाइपाची होते ती बिनतेलाची. केस निदान महिन्याभरात परत येतात. आट्यांचं तसं नाही.

ज्यांना आटे पाडणं म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. बाकीच्यांनी तोवर टाकी भरली का ते बघून यावं.

आटे म्हणजे पाइपाच्या तोंडावर कोरलेले स्क्रूसारखे पेच, आणि ते कोरणारं दातेरी हत्यार म्हणजे डाय. पाइप असतो जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. दुकानात आपण तो 'अर्धा इंची' म्हणून मागतो आणि दुकानदारही त्याच नावाने देतो. या पाइपात अर्धा इंच कुठे आहे हे पट्टी घेऊन शोधायला बसलात, तर संध्याकाळ होईल. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पाइप बाहेरून भरतो २१.३ मिलिमीटर आणि आतून सोळाच्या आसपास. पूर्वी नळ्यांच्या भिंती जाड असत, तेव्हा आतलं भोक नावाला जागत होतं. पुढे भिंती पातळ झाल्या, पण जुन्या जोडांत बसावं म्हणून बाहेरचं माप तेच ठेवलं. भोक मोठं झालं, नाव लहानच राहिलं. घराण्यातल्या एखाद्या साठ वर्षांच्या 'बाळ्या'ला हे समजावून सांगावं लागणार नाही.

प्रतवारीचीही तीच तऱ्हा. भारतीय मानक १२३९ प्रमाणे या पाइपांचे तीन वर्ग आहेत: ए, बी आणि सी. एला पिवळा पट्टा, बीला निळा, सीला लाल. अर्धा इंची ए पाइपाची भिंत २ मिलिमीटर, बीची २.६ आणि सीची ३.२. म्हणजे सर्वांत दणकट तो सी आणि सर्वांत लेचापेचा तो ए. शाळेत जन्मभर 'अ' तुकडीत बसलेल्या आणि 'क' तुकडीच्या वाऱ्याला उभ्या न राहिलेल्या लोकांना हे पचवणं फार जड जातं. "आम्ही सगळीकडे ए क्लास पाइप घातलाय," असं पाहुण्यांना छाती फुगवून सांगणारे यजमान असतात. पाहुणा प्लंबर असेल तर तो काही न बोलता पोहे खातो.

या भिंतीत आता आटे पाडायचे. अर्धा इंची पाइपावर इंचाला १४ आटे बसतात. प्रत्येकाचा कोन ५५ अंश, खोली १.१६ मिलिमीटर. म्हणजे बी वर्गाच्या पाइपाची जवळजवळ निम्मी भिंत आटे पाडतानाच जाते, आणि वरचं जस्तही तिच्यासोबत जातं. पाइप गंजून फुटतो तो बहुधा आट्यांपाशीच, याचं कारण हे. सर्वांत पातळ भाग, सर्वांत उघडा भाग आणि सर्वांत जबाबदारीचा भाग एकच. आपल्याकडच्या पुष्कळ संस्थांची रचनाही अशीच असते, पण तो विषय वेगळा.

हे ५५ अंश जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज यंत्रकाराचे. त्याच्या आधी प्रत्येक कारखान्याचे आटे स्वतंत्र बाण्याचे होते. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जाईना. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मापं घेतली, सरासरी काढली आणि १८४१ साली ती सर्वांसमोर ठेवली. सगळे सारख्याच प्रमाणात नाराज झाले आणि त्यामुळेच तडजोड टिकली. आज जालंधरला ओतलेला एल्बो जळगावात कापलेल्या पाइपावर मुकाट्याने चढतो, तो या सरासरीच्या पुण्याईने. त्यातही पाण्याच्या पाइपाचे आटे सरळ नसतात; सोळा भाग लांबीला एक भाग, असे ते तोंडाकडे निमुळते होत जातात. त्यामुळे पाना फिरवत गेलं की जोड पाचरीगत आवळत जातो आणि लोखंडाला लोखंड भिडून पाणी बहुतेक अडतं.

अर्थात हे सगळं केव्हा, तर आटा कागदावर आहे तसाच लोखंडात उतरला तर. तो उतरवायचं काम डायच्या दातांचं आणि तेलाचं.

आपल्याला वाटतं दात लोखंड कापतो. तो कापत नाही, तो ते रेटतो. रेटलेलं लोखंड दातावर चढतं, घासतं, तापतं. दात पोलादाचा, पाइपही पोलादाचाच, त्यामुळे कोरडे जवळ आले की दोघं चिकटायला बघतात. पाइपाचे बारीक कण दाताच्या धारेवर अक्षरशः जुळून बसतात. त्यानंतर कापतो तो दात नव्हेच. कापतो दाताला डसलेला लोखंडाचा बोथट गोळा. तो गोळा मधूनच सुटतो आणि जाता जाता आट्याचा लचका घेऊन जातो. कोरडे पाडलेले आटे बोटाने चाचपून बघा. ओरखडे, खरवडे, तुटलेल्या कडा. व्हिटवर्थचे ५५ अंश त्यात कुठेतरी असतात, पण ते ओळख देत नाहीत.

चांगलं कटिंग ऑइल या दोघांच्या मध्ये शिरतं. त्यातली स्निग्धाम्लं धातूच्या पृष्ठभागाला धरून बसतात, आणि त्यात घातलेलं गंधक तापलेल्या पोलादाशी संयोग पावून लोह-सल्फाइडचा अतिशय पातळ थर तयार करतं. हा थर सहज घसरतो. दात पाइपाला चिकटत नाही, कीस सुटा होऊन बाहेर येतो, आटा गुळगुळीत निघतो. तेल असलं की आवाज खर्जात येतो, कीस लांब वेटोळी घेत पडतो आणि आट्यावर चकाकी येते. तेल नसलं की किंकाळ्या, धक्के आणि काळपट भुगा. मिस्त्रीच्या कामातलं काही कळो न कळो, दिवाणखान्यात बसूनही निदान एवढं कानाने ओळखता येतं.

धातू कापताना त्यावर काहीतरी ओतावं हे सुचायला फार अक्कल लागत नाही. त्याने नेमका किती फायदा होतो हे मोजायला मात्र थोडा चक्रम माणूस लागतो. असा माणूस म्हणजे अमेरिकेचा फ्रेडरिक टेलर. कामगाराने फावडं उचललं की घड्याळाचा खटका दाबणारा तोच हा. १८८०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात त्याने लेथच्या हत्यारावर, कीस जिथे सुटतो तिथे, पाण्याची जाड धार सोडून पाहिली. कापण्याचा वेग जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढला. १८८४ साली कारखान्याने नवी इमारत बांधली, तेव्हा यंत्रांना सोडा मिसळलेलं पाणी देणारी सोयच करून घेतली. सोडा अशासाठी, की गंज चढू नये.

खरी गंमत पुढे आहे. १९०६ साली धातुकर्तनावरचा आपला भलामोठा प्रबंध मांडताना टेलरने नोंदवलंय, की यात गुपित काही नव्हतं, बाहेरचे लोक कारखाना बघून जात होते, आणि तरीही मोजके अपवाद सोडले तर पंधरा-एक वर्षं कुणी ही गोष्ट उचलली नाही. फुकटच्या पाण्याने चाळीस टक्के फायदा होतो हे डोळ्यांनी बघूनही अमेरिकन कारखानदार रुमालाने घाम पुसत घरी गेले असतील, तर आमच्या मिस्त्रीला नावं कुठल्या तोंडाने ठेवायची?

पाणी लेथला चालतं, कारण तिथे वेग फार आणि उष्णता त्याहून फार. हाताने फिरवायच्या डायची गोष्ट उलटी. तिथे वेग बैलगाडीचा, पण ओढ जबर. तिथे गारव्यापेक्षा निसरडेपणा लागतो, म्हणजे तेल लागतं. आणि तेल म्हटलं की मराठी माणसाच्या कल्पकतेला बहर येतो. दुकानात कटिंग ऑइलचा डबा मिळतो, ही गोष्ट सोडून बाकी सगळं त्याला सुचतं.

पहिला मान जळक्या ऑइलचा. गॅरेजवाल्याने स्कूटरमधून काढून डबक्यात ठेवलेलं हे काळं द्रव्य फुकट मिळतं, हा त्याचा एकमेव गुण. इंजिन ऑइलचा जन्मच मुळी दोन धातूंची भेट होऊ नये म्हणून झालेला असतो. इथे तर दाताने पाइपात घुसायला हवं. शिवाय त्यात काजळी असते, धातूचा चुरा असतो आणि कर्करोगाला कारण ठरणारे पदार्थही असतात. ज्या पाइपातून उद्या पिण्याचं पाणी यायचंय, त्याच्या तोंडाला हे फासायचं म्हणजे कमाल झाली. पण घरात पाण्याचं शुद्धीकरण यंत्र असतं ना. मग बिघडलं कुठे?

शिलाई मशीनचं तेल पातळ. दाताशी पोचायच्या आत ते फरशीवर पोचलेलं असतं. खोबरेल तेल स्वभावाने चांगलं, पण पंचवीस अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे पुण्यात डिसेंबरात पाइपाला ते चमच्याने वाढावं लागतं. ग्रीस दाताशी जातच नाही, ते डायच्या बाहेर बसून काम बघतं. गोडेतेल मात्र, वहिनींच्या समाधानासाठी सांगतो, तितकं वाईट नाही. वनस्पती तेलांतली स्निग्धाम्लं धातूला चांगली धरतात. पाश्चात्त्य कारागीर कित्येक पिढ्या याच कामासाठी डुकराच्या चरबीचं तेल वापरत आले. पण गोडेतेल पुढे चिकट होतं. डायच्या दातांत ते साचून वाळलं, की पुढच्या वेळी पेटी उघडल्यावर डायऐवजी मुंग्या बाहेर येतात.

भोसरीच्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून आलेला मिस्त्री असेल, तर तो पाण्यात कालवलेलं दुधाळ सोल्युबल ऑइल बाटलीत भरून आणतो. यंत्रावर ते उत्तम, हाताच्या डायवर तडजोड. सर्वांत शेवटी थुंकी. तिच्यात तंबाखू असते की चुना, आणि त्याचा आट्याच्या कोनावर काय परिणाम होतो, यावर टेलरने प्रयोग केलेले नाहीत.

वास्तविक लोखंडाला तेल ही गोष्ट आपल्या रक्तातली. लोखंड हा शनीचा धातू आणि तेल हा शनीचा नैवेद्य. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर लोक हातात तेलाची वाटी घेऊन रांगेत उभे असतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापूरला तर उघड्या चौथऱ्यावरच्या शिळेवर तेलाचा अभिषेक चाललेला असतो. तिथे २०२५ साली भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होईल या काळजीने नियम झाला, की वाहायचं तर शुद्ध खाद्यतेलच वाहा. देवाच्या दारी तेलाची प्रत तपासली जाऊ लागली, प्लंबिंगच्या दारी ती वेळ अजून यायची आहे. लोखंडाला तेल नाकारलं की शनी साडेसाती लावतो. ती गळतीच्या रूपाने येते आणि साडेसात वर्षांत उठेलच असा पंचांगात आधार नाही.

गळती सुरू झाली, की उपाय ठरलेला. "सूत कमी पडलं," असं मिस्त्री म्हणतो. आटा फाटलाय असं तो म्हणत नाही. मग जोड उघडायचा आणि वटपौर्णिमेला वडाला गुंडाळावं तसं श्रद्धेने आट्यांभोवती सूत गुंडाळत जायचं. सात फेरे झाले की जन्मोजन्मी हाच जोड मिळो म्हणून वरून सफेदा. जुना सफेदा शिशाचा, म्हणजे विषारी. तो पिण्याच्या पाण्याजवळ फिरकूच नये. त्यावर पुन्हा टेप. आट्यांत नैसर्गिकपणे राहणारी बारीक फट भरावी एवढंच सुताचं आणि टेपचं काम. आटाच जागेवर नसेल तर ती बिचारी काय काय भरणार? जोड चार दिवस दम धरतो. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. ते बोलत नाहीत, नुसता मोबाइल पुढे करतात. मोबाइलमध्ये त्यांच्या छताचा फोटो असतो.

यावर हुशार लोक म्हणतात, "अहो, आता कोण लोखंडी पाइप घालतं? सगळं प्लास्टिक!" घरातल्या पाण्यापुरतं हे बरोबर. पण आगीच्या फवाऱ्यांच्या लाइनी, कारखान्यातली हवेची लाइन, पुष्कळ घरांत आलेला गॅस, इथे लोखंड अजून ठाण मांडून आहे. आणि खेड्यातला हापसा? जालन्यात आणि सोलापुरात मिशनच्या लोकांनी बोअरसाठी दणकट पोलादी हातपंप घडवले होते. त्यातल्या सोलापूर पंपाच्या धर्तीवर, युनिसेफच्या मदतीने, १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंडिया मार्क टू आला आणि देशभर पसरला. त्याच्या बोअरमध्ये ३२ मिलिमीटरचे, तीन-तीन मीटर लांबीचे जीआय पाइप एकाखाली एक जोडलेले असतात. तीस मीटर खोल गेलात तर दहा पाइप, आणि आतल्या पाण्यासकट शंभर किलोंच्या वर वजन. हे सगळं लटकतं कशावर, तर सर्वांत वरच्या पाइपाच्या आट्यांवर. दुरुस्तीला आलेले लोक गंजलेलं टोक कापून जागेवरच नवे आटे पाडतात. ते कोरडे पाडले आणि एखाद्या दुपारी सुटले, तर दहाच्या दहा पाइप पाताळात जातात आणि गाव दोन दिवस बोअरमध्ये गळ टाकून बसतं. मासा लागत नाही, पाइप लागला तर लागला.

एवढं सगळं असून तेलाची उपेक्षा का? पैशांचा प्रश्न नाही. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त वस्तू तीच. अडचण अशी, की काम संपल्यावर ती कुठे दिसत नाही. पाइप दिसतो, नळ दिसतो, फरशी दिसते. तेल फडक्याने पुसून टाकतात. जे शेवटी पुसायचं असतं त्याला अंदाजपत्रकात रकाना नसतो, आणि ज्याला रकाना नाही ते आपल्याकडे अस्तित्वातच नसतं.

हे आमच्या सोसायटीत सिद्ध झालं. आगीच्या फवाऱ्यांच्या लाइनीचं काम निघालं. या वेळचा मिस्त्री आयटीआयमध्ये शिकलेला, तरुण आणि जरा हट्टी. त्याने थ्रेडिंगचं गडद, गंधकाच्या वासाचं तेल आणलं. पितळी वॉल्व्हला ते लागू दिलं नाही, कारण गंधकाने पितळ काळं पडतं. टाकीच्या लाइनीसाठी पाण्याने धुऊन निघणारं वेगळं तेल आणलं. पाइपाच्या तोंडाची धार कानशीने मारली, डायला अर्धा फेरा पुढे, थोडा मागे करत कीस तोडला आणि दर दोन-तीन फेऱ्यांना तेल सोडलं. एकही जोड गळला नाही. कुत्रीही भुंकली नाहीत. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्याने बिल दिलं, आणि बिलात प्रामाणिकपणे एक ओळ लिहिली: 'आट्यांचं तेल, दोन डबे.'

कमिटीची बैठक बसली. सी वर्गाच्या पाइपाची रक्कम एका मिनिटात पास झाली, कारण ती इतकी मोठी होती की तिच्यावर काय बोलावं हे कुणाला सुचेना. मग तेलाची ओळ आली आणि सगळे ताठ बसले. तेलाबद्दल बोलायची पात्रता प्रत्येकात होती.

"दोन डबे? आमच्या घरात चौघांना महिन्याला एवढं लागत नाही," खजिनदार म्हणाले.

"उरलेलं कुठाय?" एका सभासदाने मुद्द्याला हात घातला.

"साहेब, उरत नाही. ते लावायचं आणि पुसायचं असतं."

"म्हणजे पैसे देऊन आणायचं आणि पुसून टाकायचं?"

"हो. त्यामुळे जोड गळत नाही."

"पण गळलाच नाही, तर तेलामुळे गळला नाही हे कशावरून?"

या तर्कापुढे व्हिटवर्थ आणि टेलर दोघांनीही हात टेकले असते. पाऊण तास चर्चा झाली. तेलाची पावती आहे का, तिच्यावर जीएसटी आहे का, मागच्या मिस्त्रीने तेल लावलं नव्हतं तरी त्याचं बिल कमी कसं आलं होतं, सगळं निघालं. मागच्या मिस्त्रीच्या गळतीपायी तीनदा भिंत फोडली होती, तो खर्च 'इमारत देखभाल' या सदरात असल्याने इथे काढता येत नाही, असा निर्णय अध्यक्षांनी दिला. रात्र वाढत चालली होती. अखेर तीस वर्षं ऑडिटमध्ये काढलेले एक निवृत्त सभासद उठले, चष्मा पुसला आणि बिलातली ती ओळ खोडून तिच्या जागी त्यांनी दुसरा शब्द लिहिला. रकमेला धक्का लागला नाही. बिल टाळ्यांच्या गजरात, एकमताने मंजूर झालं.

त्यांनी लिहिलं होतं: 'चहापाणी.'